पायथ्याची दोरी

श्रावस्तीच्या एका विहारात दोन भिक्खू राहत. एक खाली, दुसरा माळ्यावर. माळ्याला धड फळ्या नव्हत्या आणि वरच्या भिक्खूच्या मंचकाचे पाय भोकात नुसते खोचलेले होते. एकदा तो धपकन बसला, एक पाय निसटला आणि थेट खालच्याच्या डोक्यात पडला. खालचा ओरडला, बाकीचे धावले, तक्रार बुद्धांपर्यंत गेली आणि नियम झाला: माळ्यावर, निघणाऱ्या पायांच्या मंचकावर धसमुसळेपणाने बसू नये की आडवे होऊ नये. पाली विनयपिटकात हा नियम आहे. त्याचे अपवाद वाचताना तर शेजारी एखादा सुतार बसून सांगत असावा असे वाटते. खाली कोणी राहत नसेल तर दोष नाही. माळ्याला पक्क्या फळ्या असतील तर दोष नाही. आणि पायाला खुंटी ठोकून तो पक्का केला असेल, तरी दोष नाही.

मोडक्या पलंगाचा इतका जुना आणि इतका नेमका पंचनामा सहसा सापडत नाही. त्याच पिटकात पलंगाच्या उंचीचाही नियम आहे. चौकटीखाली पाय आठ सुगत अंगुळांपेक्षा, म्हणजे बुद्धांच्या बोटाच्या मापाने आठ बोटांपेक्षा, उंच नको. असले तर आधी ते कापून कमी करायचे आणि मगच चुकीची कबुली द्यायची. उंच आसनावर निजणे हा मोठेपणा मिरवण्याचा प्रकार आणि भिक्खूला तो वर्ज्य. शिक्षा म्हणून करवत चालवायला लावणारा धर्मनियम विरळाच म्हणायचा.

महाराष्ट्रातल्या लेण्यांनी हा सगळा प्रश्न दगडातच मिटवला. भाजे, बेडसे, जुन्नर, नाशिकची पांडवलेणी, कुठेही गेले तरी भिक्खूंच्या कोठड्यांमध्ये भिंतीलगत कोरून काढलेले दगडी ओटे दिसतात. निजायला तेच. कुरकुर नाही, झोळ नाही, ढेकणांना लपायला फट नाही. दोन हजार वर्षे झाली, एकाचाही पाय निघालेला नाही, कारण पायच नाहीत. पाठीचे काय होत असेल, ते त्या भिक्खूंनाच ठाऊक.

लेण्याबाहेरच्या माणसाने मात्र लाकूड आणि दोरी धरली. संस्कृतातली 'खट्वा' ती आपली खाट. पाणिनीच्या व्याकरणात तिच्यासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे आणि ते निंदेचे आहे. अध्ययन पुरे करून, स्नान करून, गुरूची परवानगी घेऊन मग खाटेवर चढायचे, अशी रीत होती. त्याआधीच जो खाटेवर जाऊन बसला तो 'खट्वारूढ'. पतंजलीने महाभाष्यात हे उलगडून सांगितले आहे. पुढे या शब्दाचा खाटेशी संबंधही उरला नाही. कुठलाही उनाड, वाट सोडून चालणारा माणूस खट्वारूढ झाला. मराठीनेही खाटेवरच्या माणसाबद्दल फारसे बरे कधी बोललेले नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आळशाच्या पाठीवर आजही बसते. सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सुनेने बाजेवर बसायचे नाही, हा दंडक तर अनेक घरांमध्ये परवापरवापर्यंत पाळला जाई.

चौदाव्या शतकात इब्न बतूता मोरोक्कोहून हिंदुस्थानात आला. मुहम्मद तुघलकाच्या दरबारी राहिलेला हा प्रवासी दौलताबादही पाहून गेला. इथल्या खाटेने त्याचे लक्ष वेधले. खाट इतकी हलकी की एकटा माणूस ती उचलतो, आणि प्रवासाला निघालेला प्रत्येक जण आपली खाट बरोबर घेतो. नोकर ती डोक्यावर वाहतो. निमुळते चार पाय, चार आडव्या दांड्या, मध्ये रेशमाच्या किंवा सुताच्या पट्ट्यांची वीण. ती मुळातच लवचिक असल्याने आणखी काही मऊ घालण्याची गरज पडत नाही, असे त्याने नोंदवले. सहाशे-सातशे वर्षांनी कुणी मराठवाड्यातल्या बाजेचे वर्णन करायला बसला, तर रेशीम वगळून त्याला वेगळे फार काही लिहिता येणार नाही.

बाज म्हणजे तरी काय? चार खूर, म्हणजे पाय. दोन लांब दांड्या, दोन आखूड. प्रत्येक खुराला काटकोनात दोन खोबणी आणि दांड्यांच्या टोकांना त्यात बसणारी कुसवे. अस्सल जुन्या बाजेत खिळा नसतो, सरस नसतो. मग ती उभी कशी राहते? विणलेल्या दोरीच्या ताणावर. दोरी चारी दांड्यांना आत ओढते, दांड्या खुरांत घट्ट रुततात आणि चौकट ताठ होते. दोरी कापा, बाजेचे आठ तुकडे जमिनीवर. माणसाला पेलण्यासाठी विणलेली दोरी खरे तर आधी चौकटीला पेलून धरते. खाटेचा इतिहास बहुतेक वेळा नक्षीदार खुरांचा आणि लाखेच्या रंगांचा म्हणून सांगितला जातो. तो दोरीचा म्हणून सांगायला हवा.

त्यातही खरी करामत पायथ्याला. विणकाम उशाकडून सुरू होते, पण पायथ्याच्या दांडीपर्यंत ते नेत नाहीत. हातभर आधीच एक आडवी जाड दोरी ताणतात आणि वीण तिथेच थांबवतात. ही आडवी दोरी आणि पायथ्याची दांडी यांच्यामध्ये मग एक लांब दोरी वरखाली ओवत जातात. नवख्याला वाटते, विणणाऱ्याची दोरी संपली. प्रत्यक्षात ती मोकळी जागा हेच बाजेचे दुरुस्तीखाते. महिनाभर माणूस निजला की दोरी लांबते, मध्ये झोळ पडतो, निजणारा पहाटेपर्यंत घसरत मधोमध येतो. तेव्हा सुताराकडे जायचे नाही. पायथ्याची गाठ सोडायची, एक पाय दांडीला लावायचा, एकेक फेरा हाताने ओढत पुढे न्यायचा आणि शेवटी सगळा ताण एका गाठीत बांधून टाकायचा. पाच-दहा मिनिटांचे काम. घरातला म्हातारा ते करी, नाहीतर दोघी जावा मिळून करत. त्यासाठी हत्यार लागत नसे.

दुखणी मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. विणताना एका बाजूचा ताण जास्त झाला तर चौकट पिळवटते आणि एक खूर अधांतरी राहतो. मग बाज डुलते. त्याला घरगुती इलाज दोन. आळशाचा इलाज म्हणजे त्या खुराखाली विटेचा तुकडा. जाणत्याचा इलाज म्हणजे ताण सैल करून, उचललेल्या कोपऱ्यावर रात्रभर पाटा-वरवंट्याचे ओझे ठेवायचे आणि सकाळी पुन्हा दोरी आवळायची. दांडीचे कुसू झिजून खोबणीत खेळू लागले की फटीत बाभळीची पातळ पाचर ठोकायची. जास्त ठोकली तर खूरच उभा चिरतो, म्हणून पाचरीवर घाव घालणाऱ्याचा हात हलका हवा. खूर चिरलाच तर त्याला ओल्या कातड्याची वादी किंवा तार करकचून गुंडाळायची. वादी वाळताना आटते आणि चीर आवळून धरते. दांडीच मोडली तर मात्र सुताराला गाठावे लागे. त्याच्या वाकसाने, पटाशीने नवी दांडी घडेपर्यंत ती बाज घरात भिंतीला टेकून उभी राही.

लाकूड बहुधा बाभळीचे. बाभूळ चिवट, गाडीच्या चाकाला चालते ती खाटेला सहज चालते. सागवान पैसेवाल्याचे, आणि शिसवी पलंग हा तर सरदार-सावकारांचा थाट. तो मोडला तर दुरुस्त करायला माणूस घरी येई. घरातली माणसे त्याला हात लावत नसत.

गावगाड्यात या बाजेची जागा जरा अडनिडी होती. सुतार बारा बलुतेदारांपैकी एक, पण त्याचे बलुते प्रामुख्याने शेतीच्या औजारांसाठी होते: नांगर, कुळव, पाभर. खळ्यावर त्याला धान्य मिळे ते त्यासाठी. घरसामानाचा हिशेब सहसा वेगळा. म्हणूनही असेल, पण बाजेची डागडुजी जमेल तितकी घरीच उरकण्याकडे लोकांचा कल होता. त्र्यंबक नारायण आत्र्यांचे 'गावगाडा' 1915 साली प्रसिद्ध झाले. बलुतेदारांच्या कामांचे आणि हक्कांचे बारकावे ज्याला पाहायचे आहेत त्याला आजही त्याच पुस्तकाकडे जावे लागते.

दोरी मात्र घरी होत नसे. ती वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. अंबाडीची झाडे कापून, पेंढ्या बांधून पाण्यात कुजत घालायच्या. काही दिवसांनी साल सुटते, मग ती सोलून, आपटून, धुऊन वाळवायची. त्यातून वाख निघतो आणि वाखापासून दोर. ऐकायला सोपे, करायला घाण वासाचे आणि हात सोलून काढणारे काम. दावे, कासरा, चऱ्हाट, मोटेचा नाडा आणि बाजेचा सुंभ, गावाच्या सगळ्या गाठी या एका समाजाच्या तळहातांतून जात, आणि तरी ज्यांच्या बाजा त्या दोरीवर तोललेल्या होत्या त्यांच्या अंगणात त्या हातांना शिवाशिव होती. घायपात ही मेक्सिकोकडून आलेली वनस्पती. रेल्वेच्या कडेने आणि शेताच्या बांधांवर ती कुंपण म्हणून लागली, तेव्हा तिच्या पानांचा वाखही या दोरांत मिसळला. कोकणात नारळ, म्हणून तिकडे काथ्या. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणाची ती दोरी टिकाऊ, पण उघड्या पाठीला बोचणारी.

सुंभाने मराठीला जी म्हण दिली, ती तर सगळ्यांनाच ठाऊक आहे: सुंभ जळला तरी पीळ जात नाही. ही म्हण कुणी नुसती बसून रचलेली नाही. जुना, कुजका सुंभ चुलीत घातला की राखेतही त्याची वळणे तशीच दिसतात. बाज नव्याने विणल्यावर उतरवलेल्या दोरीचे दुसरे करायचे तरी काय?

नव्याने विणण्याचे एक हमखास निमित्त म्हणजे घरातले बाळंतपण. बाळंतीण सव्वा महिना बाजेवर असे, आणि ही 'बाजेवर असणे' म्हणण्याची पद्धत इतकी रुळली की बाज म्हटले की जुन्या बायकांना आधी बाळंतपणच आठवते. सैल बाजेच्या झोळात बाळ आणि आई दोघेही घरंगळणार, म्हणून दिवस भरत आले की बाज आवळून घेणे हे तयारीतल्या पहिल्या कामांपैकी एक. तिची वीणही मुद्दाम विरळ चाले, कारण बाजेखाली शेगडी ठेवायची असे. निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. धग आणि धूर दोरीच्या फटींतून वर जाऊन पाठ-कंबर शेकली पाहिजे. फळ्यांच्या पलंगाचा इथे उपयोग नव्हता. कोंदट खोलीतला तो धूर बाळाच्या छातीला चांगला नाही, हे डॉक्टर आता बजावून सांगतात आणि ते खरेच आहे. पण घराघरांतून सुंभाची बाज इतकी वर्षे का टिकली, याचे निम्मे उत्तर त्या शेगडीत आहे.

नवार ही सुंभाची शहरी, मऊ बहीण. सुताची रुंद पट्टी, वजनावर विकत मिळणारी. हिची वीण उभी-आडवी, चटईसारखी, आणि तीही घरच्या घरी होण्यासारखी. वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या आधी, सगळी नवार उतरवायची, सोडा टाकून धुवायची, दोरीवर वाळत घालायची. सूत धुतल्यावर आटते, त्यामुळे परत विणायला दोन माणसे लागत. एक चौकटीवर बसून ओढणारा, दुसरा मोगरीने ठोकून पट्ट्या जवळ आणणारा. मुलांना त्या एका दिवसात पलंगाची उघडी चौकट खेळायला मिळे, आणि तिच्यातून उड्या मारताना हमखास एखादे नडगे सोलवटून निघे.

या नवारीच्या घड्यांत आणि दांड्यांच्या खोबणीत राहत ढेकूण. खाटेच्या दुरुस्तीचा निम्मा इतिहास खरे तर या प्राण्याविरुद्धच्या लढाईचा आहे. खाट भर उन्हात टाकायची, जमिनीवर आपटायची, पडतील ते चिरडायचे. खोबणीत उकळते पाणी ओतायचे, मग रॉकेल. चारी पायांखाली पाण्याच्या किंवा रॉकेलच्या वाट्या ठेवायच्या. उकळत्या पाण्याने ढेकूण मरत आणि त्याच पाण्याने कुसूही फुगे, आटे, आणि पुढच्या उन्हाळ्यात सैल होई. म्हणजे पुन्हा पाचर. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा फवारा आला आणि हा छळ कायमचा संपणार असे लोकांना वाटले. पण हवाईतल्या पर्ल हार्बरमध्ये 1947 मध्येच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. मुंबईच्या चाळीत राहिलेल्या माणसाला या बातमीचे नवल वाटले नसते.

लोखंडी पलंगाला इथे आदर मिळाला तो याच कारणाने. त्याला फटी कमी, धुवायला सोपा. एकोणिसाव्या शतकात बराकी आणि इस्पितळे लोखंडावर गेली. मराठीने मात्र तिथेही आपला शब्द सोडला नाही. रुग्णालय केवढे हे आपण आजही खाटांवरच मोजतो: शंभर खाटांचे, पाचशे खाटांचे.  

घरात लोखंडी पलंग आला तो 'कॉट' म्हणून. दोन बाजूंना नळीची कमान, मध्ये पत्र्याच्या पट्ट्यांची जाळी. कॉटखाली ट्रंका, कॉटवर गादी, गादीवर दिवसा पाहुणे. पुण्यात तर शिकायला आलेल्या मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या 'कॉट बेसिस'वर राहिल्या. खोली नव्हे, एक कॉट भाड्याने. माणसाची जागा पलंगाच्या मापाने ठरली. या कॉटचा दोष एकच. तिची पट्टी तुटली की घरात काही करता येत नाही. वेल्डिंगवाल्याकडे नेण्याचा आळस असलेले लोक तिथे सुतळी बांधत, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या ओवत. म्हणजे लोखंडाच्या पोटातही शेवटी बाजच विणत.

लाकडी पलंगाच्या बाबतीत खरा बदल घडवला चिकटवण्याच्या पदार्थाने. जुना सुतार सरस वापरी: जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला, प्रत्येक वेळी तापवावा लागणारा, नाक धरायला लावणारा. पावसाळ्यात तो ओल धरी, सांधे सैल होत. बळवंत पारेख यांनी 1959 मध्ये फेव्हिकॉल बाजारात आणला. पांढरा, तयार, न तापवता लावायचा. सुतारांनी तो उचलून धरला यात नवल नाही. पण एक गोष्ट त्या सोयीत हरवली. सरसाचा सांधा गरम पाण्याने, वाफेने सुटतो. दुरुस्त करणारा तो उघडू शकतो, आतले कुसू बदलू शकतो आणि पुन्हा जोडू शकतो. फेव्हिकॉलचा सांधा असा सुटत नाही. जोर केला तर सांध्याऐवजी शेजारचे लाकूड फाटते. मजबुती वाढली, दुरुस्ती अवघड झाली.

आणि मग प्लायवूडचा पेटीचा पलंग आला, मागोमाग पार्टिकल बोर्डाचा. लाकडाचा भुसा, बारीक ढलप्या, कुठे उसाचे चिपाडसुद्धा, राळेत दाबून केलेला तक्ता. त्यात कुसू नाही, खोबण नाही, फक्त स्क्रू. जड गादीखाली, पेटीत ठेवलेल्या रजयांवर, दोन-तीन माणसांच्या रोजच्या उठबशीत तो स्क्रू हळूहळू आपले भोक मोठे करतो. ओल लागली की बोर्ड फुगतो, मग कडा कुस्करतात. इकडे खेड्यात बाजेच्या चौकटी लोखंडी नळ्यांच्या झाल्या, सुंभाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी आली, तरी पायथा तसाच मोकळा ठेवतात आणि दोरी तशीच आवळतात. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात कुणी हीच खाट 990 डॉलरना विकायला काढली, तेव्हा आपल्याकडे खूप हसू झाले. किंमत हास्यास्पद खरीच, पण घेणाऱ्याला निदान स्वतः दुरुस्त करता येईल असा पलंग मिळणार होता.

शहरातल्या घरात स्क्रू सुटला की सध्या बहुतेक जण एकच युक्ती करतात. काड्यापेटीतल्या चार काड्या, गूल तोडून, फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोकायच्या, रात्रभर वाळू द्यायच्या आणि सकाळी त्यातच स्क्रू पिळायचा. पलंग उभा राहतो. विनयपिटकाच्या काळात भोकातल्या पायाला ठोकत ती खुंटी, बाभळीची ती पाचर आणि या काड्या यांचे काम एकच. प्लायवूडमध्ये हे काही वर्षे टिकते. पार्टिकल बोर्डात बहुधा एकदाच. दुसऱ्या वेळेला भोकाभोवतीचा भुसाच हातात येतो आणि सुतार नव्या पलंगाचे माप घेऊ लागतो.